पाटा तिकडं, वरवंटा इकडं

कुशाबा दिवाळीच्या बाजाराहून परतला तो दोन खोकी खांद्यावर घेऊन. पौडाला यष्टीतून उतरला आणि तिथून माले या आपल्या गावापर्यंत जो भेटेल त्याला थांबवून सांगत आला, की आता आमचं कुणावाचून अडायचं न्हाई. हे 'कुणावाचून' म्हणजे कुणावाचून, ते मालेतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. लोक मान डोलवायचे, खोक्यात काय आहे ते विचारायचे आणि त्याची पाठ वळली की हसायचे.

हसण्याचं कारण चार वर्षं जुनं होतं, पण अजून शिळं झालं नव्हतं. तेव्हा कुशाबानं धाकट्या भावाला, कोंडिबाला, न विचारता पाखऱ्या बैल विकला. कोंडिबानं भर पंचांत तुझं-माझं काढलं. घराच्या मधोमध कूड उभा राहिला, जमीन वाटली, गुरं वाटली, आंबे वाटले. दिवस मावळायला आला तेव्हा फक्त स्वैपाकघरातल्या चिजा राहिल्या होत्या आणि पंच कंटाळले होते. गेणबा पंचानं जन्मात कधी स्वतःच्या हातानं पाण्याचा तांब्या भरून घेतला नसेल, पण त्या दिवशी त्यानं सगळी भांडीकुंडी अंगणात मांडायला लावली आणि एक इकडं, एक तिकडं अशी वाटायला घेतली. तांब्या इकडं, तांब्या तिकडं. परात इकडं, परात तिकडं. पाटा तिकडं, वरवंटा इकडं. उखळ इकडं, मुसळ तिकडं. जात्यापाशी आल्यावर तो जरा अडखळला, मग दगड दोन आहेत हे बघून त्याला बरं वाटलं. खालचा कुशाबाचा, वरचा कोंडिबाचा. नग सारखे झाले, कुणावर अन्याय झाला नाही, आणि पंच समाधानानं आपापल्या घरी गेले.

दोघी जावा, थोरली रत्नाबाई आणि धाकटी सारजाबाई, हा सोहळा दाराआडून बघत होत्या. एकीनं तोंड उघडलं असतं तर सगळं तिथल्या तिथं सरळ झालं असतं. पण रत्नाबाईनं सारजाकडं पाहिलं, सारजानं रत्नाबाईकडं पाहिलं, आणि दोघींनी तोंडाला पदर लावला. बाहेर बसलेल्यांना वाटलं, घर फुटल्याचं रडू आवरत नाही बिचाऱ्यांना.

तेव्हापासून रत्नाबाईला चटणी वाटायची झाली की ती पदराखाली वरवंटा घेऊन अंगण ओलांडायची आणि सारजाच्या पाट्याशी जाऊन बसायची. सारजाला दळायचं झालं की ती रत्नाबाईच्या पडवीत यायची, कारण वरचा दगड तिचा असला तरी उचलून ठेवणार कुठं. तो होता तिथंच खालच्या दगडावर बसून राहिला. भात कांडायचा तर सारजाचं मुसळ रत्नाबाईच्या उखळात. दोघे भाऊ एकमेकांचं तोंड बघत नव्हते, आणि त्यांच्या बायका दिवसातून चारदा भेटत होत्या. त्यांना बोलायची कुणाची टाप नव्हती, कारण निवाडाच तसा होता.

कुशाबानं बरंच सोसलं. पारावर कुणी विचारायचं, काय कुशाबा, वरवंटा म्हायेरी गेला का सासरी? तो हसण्यावारी न्यायचा आणि घरी येऊन ताटावर चिडचिड करायचा. त्याला खरं झोंबायचं ते वेगळंच. ज्या भावानं चार माणसांत आपल्याला लबाड ठरवलं, त्याच्या दारात आपली बायको रोज मिरच्या घेऊन जाते, आणि तीही हसत जाते. हे बंद करायचं त्यानं नवरात्रातच ठरवलं होतं.

पाडव्याच्या दिवशी त्यानं पहिलं खोकं सोडलं. त्यातून पितळेचा स्टोव्ह निघाला. दुकानदारानं विजेची शेगडीही दाखवली होती म्हणे, पण कुशाबानं त्याला सांगितलं, धरणावरच्या विजेच्या तारा आमच्या डोक्यावरून मुंबईला जातात, आमच्या चुलीपर्यंत यायला त्यांना सवड नाही. त्यानं टाकीत रॉकेल ओतलं, काकडा लावला, पंप मारला, आणि स्टोव्ह असा काही भरभरायला लागला की परड्यातल्या कोंबड्या उठून पळाल्या. पण चहा झाला पटकन. फुंकणी नाही, धूर नाही, डोळ्याला पाणी नाही. रत्नाबाईनं कपबशी खाली ठेवली आणि मनातल्या मनात स्टोव्हला पास केला. अवेळी पाहुणा आला तर चूल पेटवायला नको, एवढ्यासाठी तरी तो घरात असावा.

मग दुसरं खोकं सोडलं. पुरणयंत्र. डब्याएवढं पितळी भांडं, तळाला बारीक भोकांची चकती, मध्ये वाकडा दांडा आणि दांड्याच्या खाली पातं. शिजलेली डाळ वरून टाकायची, एकानं भांडं दाबून धरायचं, दुसऱ्यानं दांडा फिरवायचा. धुवायला सोपं म्हणून दांडा उचलला की पात्यासकट वेगळा निघायचा. वाटीभर शिजलेली डाळ घरात होतीच. कुशाबानं भांडं धरलं, रत्नाबाईनं दांडा फिरवला, आणि खाली परातीत मऊसूत पुरण पडायला लागलं, एक कण म्हणून राहिला नाही.

यंत्र वाईट निघालं असतं तर रत्नाबाईला बरं वाटलं असतं. पण यंत्र चांगलं होतं. सणाच्या आदल्या दिवशी दोघी जावा पाट्याशी आळीपाळीनं बसायच्या तेव्हा कंबरेचा काटा ढिला व्हायचा. सारजाचा उजवा खांदा तर गेल्या शिमग्यापासून धरलेलाच होता. अशी वस्तू घरात नको म्हणायला माणूस खुळं पाहिजे. रत्नाबाईनं पुरणाची चव घेतली आणि लई बेस झालंय असं खरं तेच सांगितलं.

कुशाबा खूश झाला आणि त्यानं पुढचं बोलून टाकलं. भाऊबीजेला सासरहून, भऱ्याहून, थोरली बहीण गोजराआक्का येणार, तिच्यादेखत गेणबाला बोलावून अदलाबदल करायची. वरवंटा कोंडिबाला देऊन टाकायचा, म्हणजे त्याचा पाटा पुरा होईल. मुसळ आणि जात्याचा वरचा दगड आपण घ्यायचा. कोंडिबानं दळण-कांडण पौडाच्या गिरणीत न्यावं, आपण आपली चटणी उखळात कुटायची, आणि पुरणाला तर आता यंत्रच आलं.

"म्हंजी मंग तिकडं जायाला कारणच न्हाई ऱ्हायचं," रत्नाबाई म्हणाली.

"तेच तर म्हणतुया मी," कुशाबा म्हणाला.

त्याला वाटलं, बायकोच्या पायाची वणवण वाचवली. रत्नाबाईनं मात्र यंत्रात एकेक खोट काढायला सुरुवात केली. पितळेत पुरण कळकेल. कल्हई कोण करणार? भोकं बुजली की काडीनं टोकरत बसावं लागेल. एवढं अवजड ठेवायचं कुठं? कुशाबाकडं प्रत्येक गोष्टीला उत्तर तयार होतं, आणि ठेवायला त्यानं फळी ठोकूनच ठेवली होती. नवऱ्यानं हौसेनं आणलेली वस्तू, तीही आपल्या कंबरेसाठी. तिच्यावर रागवायचं तरी कसं, हेच तिला कळेना.

कुडाच्या पलीकडं सारजाबाई हे सगळं ऐकत होती. कूड म्हणजे कारवीच्या काड्या आणि शेणमाती, त्यातून शिंक ऐकू जाते तिथं अदलाबदल ऐकू जाणारच. ऐकलं ते कोंडिबानंही. दोघे भाऊ एकमेकांना ऐकवायचं असलं की जनावरांशी बोलायचे. कोंडिबा उठून अंगणात गेला, गाईच्या पाठीवर हात ठेवला आणि घसा काढून तिला सांगितलं, की न्या म्हणावं, मुसळ न्या, दगड न्या, वाटलं तर हा कूडसुदिक उपटून न्या, आमी काय मरत न्हाई. गाय रवंथ करत राहिली. आतून कुशाबानं पंप मारून स्टोव्ह आणखी मोठा केला.

कोंडिबा आत आला तेव्हा सारजा कोपऱ्यातलं मुसळ पुसत बसली होती. त्यानं विचारलं, आता पुसून काय करतीस, जायचंच हाय ते. त्याला स्वतःच्या उत्तराचा जरा पश्चात्ताप व्हायला लागला होता. दादानं एकदा, एकदाच समोर येऊन बोलावं, एवढंच त्याला पाहिजे होतं. चार वर्षं तो वाट बघत होता आणि ही गोष्ट तो गाईलाही सांगू शकत नव्हता.

भाऊबीजेला गोजराबाई उन्हं वर यायच्या आत हजर झाली. दोघा भावांपेक्षा मोठी, अंगानं थोराड, आणि बोलायला लागली की समोरच्यानं आधी पुरतं ऐकून घ्यायचं. ती चहा पिता पिता अर्ध्या भऱ्याच्या बातम्या सांगून मोकळी झाली. तिच्या धाकट्या सुनेनं म्हणे लिंबू पिळायचा लाकडी चिमटा आणलाय. अंडी फेटायचं तारेचं चाक आणलंय, आणि घरात अंडं खाणारी ती एकटी. लिंबू पिळायला देवानं मूठ दिलीय, तर ती म्हणते बिया पडतात. पडू देत की, बिया काय साप हायेत, असं गोजराबाईनं तिला सुनावलं होतं. वस्तूची परीक्षा करायची तिची रीत सोपी होती: जी काढताना उठावं लागतं आणि ठेवताना पुसावी लागते आणि मधल्या मधे काम हातानंच जास्त लवकर झालं असतं, ती वस्तू घरात ठेवायची नाही.

त्या रीतीनं तिनं स्टोव्ह पाहिला आणि पसंत केला. यंत्र पाहिलं, दांडा काढून पाहिला, परत बसवला, आणि तेही पसंत केलं. मग कुशाबानं अदलाबदल सांगितली, तेव्हा तर तिनं कपाळावर हात मारला. पाटा एकाकडं आणि वरवंटा दुसऱ्याकडं, हे ऐकून ती चार वर्षं भऱ्यात हसत होती; तिला वाटत होतं लोक चावटपणा करतात.

तेवढ्यात गेणबा धोतराचा सोगा सावरत आला. गोजराबाईनं त्याला टेकूही दिलं नाही. ती म्हणाली, मामा, तुमच्या घरात चूल हाय का नुसती बायकूच हाय? गेणबा म्हणाला, नग बरोबर होते. पुन्हा पुन्हा तो तेवढंच म्हणत राहिला, नग बरोबर होते. आज हे सगळं निस्तरून मगच जेवायचं, असं गोजराबाईनं जाहीर केलं आणि मुसळ आणायला ती स्वतः उठली. जाता जाता तिचं लक्ष रत्नाबाईकडं गेलं. रत्नाबाई चुलीवरच्या डाळीत पळी फिरवत होती. डाळ केव्हाच शिजली होती, तरी ती फिरवतच होती.

सारजानं नणंदेला पाट दिला, पाणी दिलं, पाया पडली. मुसळ दाराशी उभं करून ठेवलेलं होतंच, पुसून लख्ख.

"न्या वन्सं," ती म्हणाली. "दगड तितंच हाय. वरवंटा तेवढा जाऊबाईंच्या हातनं पाठवा. त्यांचा हात शेवटचा लागू द्या त्याला."

"शेवटचा म्हंजी? काय मेलं का कुणी?" गोजराबाई म्हणाली.

सारजा हसली आणि हसता हसताच तिला रडू फुटलं. गोजराबाईनं पाट तिच्याजवळ ओढला आणि बसली.

वाटणी झाली त्याच साली सारजाचं तान्हं बाळ गेलं होतं. सव्वा महिन्याचं होतं. ते गोजराबाईला ठाऊक होतं, ती तेव्हा भेटून गेली होती. त्यापुढचं ठाऊक नव्हतं. कोंडिबा पहाटे शेतावर जायचा, मुद्दाम उशिरा यायचा, घरात रिकामी झोळी बघवायची नाही त्याला. कुशाबानं आपल्या घरात सांगून ठेवलं होतं, कामाशिवाय तिकडं पाय ठेवायचा नाही.

"बाई रोज यायच्या," सारजा म्हणाली. "काम हाय म्हणायच्या. वरवंटा आणायच्या आन् माझ्या पाट्याशी बसायच्या. वाटायला काय बी नसायचं, वन्सं. मिरची न्हाई, मीठ न्हाई. कोराच वरवंटा कोऱ्या पाट्यावर फिरवत ऱ्हायच्या, भावजींच्या कानावर आवाज जावा म्हणून. मी पडलेली असायची. मी उठून बसंपतूर त्या उठायच्या न्हाईत."

गोजराबाईनं पाट्याकडं पाहिलं. मधोमध चांगलाच झिजला होता. तिनं मुसळ उचललं आणि कोपऱ्यात होतं तिथं परत ठेवलं.

"यंत्र कसं हाय?" सारजानं डोळे पुसत विचारलं. "चांगलं चालतंय म्हणं."

"लई चांगलं हाय," गोजराबाई म्हणाली. "तेवढीच पंचाईत हाय."

ती जरा वेळ बसून राहिली. यंत्र परत पाठवा म्हणावं, तर दोघींच्या कंबरा मोडतात आणि कुशाबाची हौस मोडते. राहू द्यावं, तर हे अंगण ओस पडतं. आणि भाऊ? चार वर्षं ती दर भाऊबीजेला एका घरी ओवाळायची, मग दुसऱ्या घरी ओवाळायची, दोन्हीकडं अर्धपोटी जेवायची, आणि गाडीत बसली की रडायची. तिचं तिलाच आठवून राग आला. ती उठली ती पदर खोचूनच.

तिनं दोन्ही घरांतले पाट मागवले आणि अंगणात शेजारी शेजारी मांडले. म्हणाली, माझे गुडघे धरलेत, आता दोन उंबरे चढवत न्हाईत, ओवाळून घ्यायचं असंल त्यानं हितं येऊन बसावं. कुशाबा येऊन बसला. कोंडिबा दारात घुटमळला, मग तोही येऊन बसला, पण तोंड धरणाच्या पाण्याकडं करून. कुशाबानं तोंड गोठ्याकडं केलं. गोजराबाईनं दोघांच्या हनुवट्या धरून समोर वळवल्या, कुंकू लावलं, तांदूळ लावले आणि ओवाळलं. गेणबा ओट्यावर बसून निवाड्याची वाट बघत होता. दोघी जावा आपापल्या दारात उभ्या होत्या.

कुशाबानं जरीकाठाचं लुगडं तबकात ठेवलं. गोजराबाईनं ते उचलून त्याच्या मांडीवर परत दिलं.

"लुगडं रत्नाला दे. मी मागीन ती ओवाळणी देशील का?"

कुशाबा आज राजा होता. भाऊ बघतोय, पंच बघतोय. तो म्हणाला, "माग."

"त्या यंत्राचा दांडा दे."

कुशाबाला वाटलं ती चेष्टा करतेय. नुसता दांडा घेऊन काय करणार, पाहिजे तर अख्खं यंत्र ने, मी दुसरं आणतो, असं तो म्हणाला. गोजराबाई म्हणाली, अख्खं नको. दांडाच पाहिजे, आणि दुसरं यंत्र आणलंस तर पुढच्या भाऊबीजेला त्याचाही दांडा माझा. ओवाळणी बोललेली, ती परत फिरवता येत नाही. कुशाबानं रत्नाबाईकडं पाहिलं. ती आधीच आत गेली होती आणि दांडा घेऊन बाहेर येत होती, जरा जास्तच लगबगीनं.

गोजराबाईनं दांडा पदरानं पुसला आणि कोंडिबाकडं वळली. "आता तू. मला पैका नको, लुगडं नको. ही माझी वस्तू. भऱ्याला न्यायाची नव्हं, तुझ्या घरात ठिवायची. सांभाळशील?"

कोंडिबानं मान हलवली.

"आन् तुझं मुसळ, तुझा वरचा दगड जितं हायेत तितंच ऱ्हातील. मामांनी वाटलंय ते बरोबर वाटलंय. आता ऐक. दांडा मागाया कुशा येईल. रत्ना न्हाई, कुशा. आन् द्यायचा तू, सारजानं न्हाई. बाईमाणसाच्या हातनं हा दांडा ह्या अंगणातनं जायाचा न्हाई. ही माझी ओवाळणी."

गेणबाला तेवढं समजलं की आपला निवाडा कायम झाला. त्याला एकदम हुरूप आला. स्टोव्हला एक पिन असते, ती तिकडं द्यावी, असं तो सुचवायला लागला. गोजराबाईनं त्याला एका नजरेत खाली बसवलं.

कुशाबा रागानं आत गेला. असली ओवाळणी असते का, हे तो कुणाला तरी विचारत होता, पण घरात रत्नाबाई आणि डाळ एवढीच होती. डाळ गुळात आटून निवायला ठेवली होती. कणीक तिंबून झाली होती. जेवायला माणसं ताटकळली होती. रत्नाबाईनं यंत्र परातीवर मांडलं आणि हातावर हात ठेवून बसून राहिली.

"पाट्यावर वाट की मंग," कुशाबा म्हणाला.

"पाटा बी तितंच हाय," रत्नाबाई म्हणाली. तिनं मान खाली घातली होती, कारण तिला हसू आवरत नव्हतं. "आन् आवं, माझी कंबर आज लई धरलीया."

कुशाबा एकदा यंत्राकडं बघायचा, एकदा दाराकडं. वरून डाळ टाकून काही होतंय का, ते त्यानं पळीनं दाबून पाहिलं. दोन थेंब खाली आले. मग त्यानं टोपी घातली. शेजारच्या दारात जायला टोपी कशाला, ते त्यालाच ठाऊक. तो अंगणात आला, कोंडिबाच्या उंबऱ्यापर्यंत गेला आणि उभा राहिला. काय हाक मारायची हे त्याला सुचेना. नाव घेऊन चार वर्षं झाली होती. तोंडात आलं ते लहानपणीचं आलं.

"कोंडू," तो म्हणाला. "दांडा दे."

कोंडिबा दाराच्या आतच उभा होता, दांडा हातात घेऊन. केव्हापासून उभा होता कोण जाणे. त्यानं दांडा पुढं केला, पण सोडला नाही. दोघांच्या मुठी दांड्याच्या दोन टोकांना होत्या.

"दादा," तो म्हणाला, "मला इचारलं असतंस, तर मीच म्हणालो असतो, पाखऱ्या इक. थकला व्हता त्यो."

कुशाबाचा चेहरा हलला. "माझं चुकलं," तो म्हणाला. "त्येच दिसाला कळलं व्हतं. सांगाया तोंड झालं न्हाई."

कोंडिबानं नाक ओढलं आणि दांडा सोडला नाहीच. म्हणाला, तुला हे फिरवायला जमायचं न्हाई, तू भांडं धर, मी फिरवतो. आणि तो दांडा घेऊन भावाच्या पुढं चालायला लागला, कुडाच्या पलीकडं, चार वर्षांनी पहिल्यांदा.

त्यानंतर रत्नाबाईच्या स्वैपाकघरात जे झालं ते बघायला गेणबासुद्धा दाराशी आला. दोन मिशाळ गडी परातीपाशी उकिडवे बसले होते. एकानं भांडं दोन्ही हातांनी दाबलं होतं, दुसरा दांडा रहाटासारखा गरगरवत होता. पुरण परातीत पडत होतं, जमिनीवर पडत होतं आणि कुशाबाच्या टोपीवरही पडलं होतं. हळू फिरव म्हटलं की कोंडिबा जोरात फिरवायचा. नीट धर म्हटलं की कुशाबा म्हणायचा, मी नीटच धरलंय, तुझा हात वाकडा हाय, लहानपणापासून वाकडा हाय. त्यावरून विहिरीवरच्या मोटेचं निघालं, मोटेवरून आंब्याचं, आंब्यावरून बापाच्या काठीचं. आवाज चढले. चार वर्षांचं सगळं साचलेलं एकाच परातीत पडायला लागलं.

रत्नाबाई घाबरून पुढं झाली. गोजराबाईनं तिचा हात धरून तिला मागं ओढलं.

"भांडू दे त्यास्नी," ती म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते आणि तोंडभर हसू होतं. "भांडत्यात. म्हंजी बोलत्यात."

सारजा उंबऱ्यात आली होती. रत्नाबाई तिच्याजवळ सरकली आणि दोघी खांद्याला खांदा लावून उभ्या राहिल्या. यंत्रातली डाळ सरत आली होती, तळाशी पळीभर उरली असेल. गोजराबाईनं वाकून पाहिलं. मग तिनं सारजाला बाजूला घेतलं आणि हळू आवाजात सांगितलं, घरात असंल तेवढी डाळ आण, आन् आणखी शिजत घाल.